नाटक परीक्षकाचं, हंगाम कोयत्याचा

नोव्हेंबर उजाडला की मराठवाड्यात नाटकाचा हंगाम सुरू झाला, असं समजायची पद्धत आहे. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी त्याच सुमारास लागते. केंद्रांची नावं जाहीर होतात आणि अंबाजोगाईसारख्या गावात कुठल्यातरी शाळेचा एखादा वर्ग रात्री आठनंतर उघडा दिसू लागतो. बाकं भिंतीला सारलेली, फरशीवर खडूनं आखलेल्या विंगा, दाराशी चपलांचा ढीग. गावात चौकशी केली तर चार जण सांगतील की अमक्याचं नाटक बसतंय. ते बघायचं कुठं आणि कधी, हे मात्र त्यातल्या एखाद्यालाच ठाऊक असतं. कारण बहुतेक वेळा ते गावात व्हायचंच नसतं. ते नेमून दिलेल्या केंद्रावर एकदा होणार, निकाल लागणार, आणि बहुतेक संघांसाठी तिथंच त्याचा शेवट.

त्या एका प्रयोगाला प्रेक्षागृहात कोण असतं, तेही बघण्यासारखं आहे. मधल्या रांगेत एक टेबल, त्यावर झाकलेला छोटा दिवा, पाण्याच्या बाटल्या आणि तीन परीक्षक. पुढं नटांचे नातेवाईक. मागं दुसऱ्या दिवशी ज्यांचा प्रयोग आहे तो संघ. तो ताडून बघायला आलेला. एरवी खुर्च्या मोकळ्या. तिसरी घंटा होते, उद्घोषणा होते, आणि पहिल्या प्रवेशातलं पहिलं वाक्य नट त्या दिव्याकडं तोंड करून म्हणतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. महिनाभराची मेहनत ज्यांच्यासाठी केली ते तीनच जण समोर आहेत.

माझं म्हणणं एवढंच की मराठवाड्याची आजची रंगभूमी नटांअभावी किंवा लेखकांअभावी अडलेली नाही. तिनं आपला प्रेक्षक कोण, हे ठरवायचं सोडून दिलं, तिथं ती अडली. ‘लोक नाटकाला येत नाहीत’ ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. त्यांना बोलावलं होतं का, आणि बोलावलं तेव्हा ते गावात होते का, हे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

स्पर्धेवर टीका करण्याआधी तिचं देणं मोजलं पाहिजे. हौशी राज्य नाट्य स्पर्धेनं साठी केव्हाच ओलांडली. मुंबई-पुण्याबाहेर नाटक जिवंत राहिलं ते पुष्कळ अंशी तिच्यामुळं. हैदराबाद संस्थानात सभा-संमेलनांवर ‘गश्ती निशाण ५३’सारखे निर्बंध होते; साधं व्याख्यान ठेवायचं तरी परवानगीची वाट बघावी लागे. १९४८ च्या सप्टेंबरात मुक्त झालेल्या या प्रदेशाला पुढं एका सरकारी स्पर्धेनं रंगमंच, दिवे आणि तारीख दिली, ही लहान गोष्ट नव्हे. तिच्या जोडीला मराठवाडा विद्यापीठात सत्तरच्या दशकात नाट्यशास्त्र विभाग उभा राहिला. कमलाकर सोनटक्क्यांनी तो घडवला. युवक महोत्सवांतून तालुक्या-तालुक्यातली पोरं तिथं पोचली. तेव्हाच्या औरंगाबादची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था त्याच हवेतली. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, अजित दळवी ही माणसं पुढं मुंबईला गेली आणि १९९१ मध्ये ‘चारचौघी’ आलं, जे २०२२ मध्ये पुन्हा उभं राहिल्यावरही गर्दी खेचू शकलं. नांदेडच्या दत्ता भगतांनी ‘वाटा पळवाटा’मध्ये आंबेडकरी चळवळीच्या पिढ्या एकाच घरात आणून एकमेकांसमोर उभ्या केल्या, आणि कुणा एकाच्या बाजूनं कौल द्यायचं टाळलं. आमच्या बीड जिल्ह्याकडून गेवराईचे नंदू माधव आहेत, माजलगावचा संदीप पाठक आहे. यादी लांबवता येईल. तिच्यातल्या बहुतेकांच्या नावापुढं आज मुंबईचा पत्ता लागतो, हेही त्याच यादीत लिहायला हवं.

आता स्पर्धेनं बिघडवलं काय ते. स्पर्धेच्या नाटकाचा एक साचा पडला आहे. पडदा उघडण्याआधी काळोखात आक्रोश. मग निळा प्रकाश. काळ्या कपड्यांतला कोरस, जो कधी झाड होतो, कधी भिंत, कधी जमाव. मध्यभागी लोंबता फास. शेतकऱ्याचं लांबलचक स्वगत, त्यात ‘व्यवस्था’ हा शब्द किमान दोनदा. शेवटी सगळे गोठतात आणि ब्लॅकआऊट. नेपथ्याला गुण, प्रकाशयोजनेला गुण, ‘सामाजिक आशय’ आहेच. बीड जिल्ह्यातल्या प्रेक्षकासमोर हा फास लटकवताना दिग्दर्शकाला अवघडल्यासारखं कसं होत नाही, याचं मला नवल वाटतं. तिसऱ्या रांगेतल्या माणसाला आत्महत्या प्रतीक म्हणून माहीत नाही. त्याला त्यातली कागदपत्रं माहीत आहेत. मयताच्या नावावर सातबारा होता का? कर्ज बँकेचं की सावकाराचं? जिल्हा समितीनं प्रकरण ‘पात्र’ ठरवलं की ‘अपात्र’? लाख रुपयांची मदत त्या एका शब्दावर अडते. अपात्र ठरलेल्या घरातली बाई तहसील कचेरीच्या बाकावर बसून सोबत आलेल्या दिराला काय सांगत असेल, या प्रवेशात जे नाट्य आहे ते दहा कोरसांत नाही. पण तो प्रवेश लिहायचा तर कचेरीत जाऊन बसावं लागतं. निळा दिवा भाड्यानं मिळतो.

दुसरं टोक विनोदाचं. लक्ष्मण देशपांड्यांनी १९७९ मध्ये ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ सुरू केलं आणि बावन्न पात्रं एकट्यानं, एका उपरण्याच्या जोरावर जगभर फिरवली. त्या एकपात्रीचं मोठेपण नकलेत नव्हतं, कानात होतं. गावातला प्रत्येक माणूस बोलताना कुठं थांबतो, कुठं शब्द गिळतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं. त्यांच्या मागून आलेल्यांनी मात्र त्यातला फक्त हेल उचलला. नाटकांत, मग सिनेमांत आणि मालिकांत मराठवाड्याची बोली म्हणजे हमखास हशा, असं समीकरण बसलं. याचा तोटा मुंबईच्या प्रेक्षकाला नाही, आम्हाला झाला. आज आमच्याकडचा नवा नट गंभीर प्रसंग आला की आपोआप पुस्तकी मराठी बोलू लागतो. आईशी भांडताना जी भाषा त्याच्या तोंडात असते, ती रंगमंचावर आली तर लोक हसतील, अशी त्याला भीती वाटते. ती भीती खरी आहे. लोक हसतातही, कारण त्यांना तेवढंच शिकवलं गेलं.

ही कोंडी फोडणारं एक नाटक २०१२ मध्ये आलं, आणि ते आमच्या शेजारच्या जिल्ह्यातून आलं, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. लेखक राजकुमार तांगडे, जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ गावचे. दिग्दर्शक नंदू माधव. कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं. नट बरेचसे त्याच भागातले, शेती करणारे. गोष्ट वरवर लोकनाट्याची. यम महाराजांना न्यायला येतो, महाराज निघतात, पण त्यांचा विचार खालीच राहतो. मग महाराजांची पगडी नेमकी कुणाच्या डोक्याला बसते याचा शोध. हे नाटक गाजलं ते विषयाच्या धाडसामुळं, असं बहुतेकांनी लिहिलं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्यातलं बोलणं. ही माणसं आपल्या बोलीत विनोद करतात, भांडतात, इतिहासावर वाद घालतात, पुरावा मागतात. बोली तीच, पण ती आता विचार करताना ऐकू येते. त्याआधीचं तांगड्यांचं ‘आकडा’ही असंच, तारेवर आकडा टाकून वीज घेणाऱ्या गावाची गोष्ट त्यांनी उपदेश न करता सांगितली, कारण लिहिणारा त्या अंधारात राहिलेला होता. जांबसारख्या खेड्यात लेखक, नट आणि पहिला प्रेक्षक एकाच वेशीच्या आत होते. तालीम बघायला आलेला शेजारीच सांगायचा की हे असं होत नसतं. स्पर्धेच्या नाटकाला हा शेजारी मिळत नाही.

अंबाजोगाईला असा शेजारी नाही असं कोण म्हणेल? मराठवाड्याची सांस्कृतिक राजधानी म्हणवून घ्यायला या गावाला आवडतं, आणि त्यासाठी लागणारे दाखले गावाजवळ आहेत. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ शके १११० चा, म्हणजे इ.स. ११८८ चा, समाधी इथल्याच डोंगरात. दासोपंतांनी ‘पंचीकरण’ कापडाच्या पासोडीवर लिहून काढलं, ती पासोडीही इथलीच. निजामी अमदानीत मोमिनाबाद नाव असलेल्या या छावणीच्या गावात स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक म्हणून आले आणि योगेश्वरीच्या शाळेतून मुक्तिसंग्रामाला माणसं मिळाली. १९८३ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथं झालं, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. कथाकार म्हणून त्यांचा गौरव झाला. तमाशाच्या बाजाचं ‘पती गेले गं काठेवाडी’ लिहिणारा नाटककारही तोच, हे त्या मांडवात कितीजणांच्या मनात आलं असेल कोण जाणे.

पण या सगळ्या वैभवात एक गोष्ट लक्षात येते. हे गाव कानाचं आहे. नोव्हेंबरअखेर, यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीच्या सुमारास भरणाऱ्या स्मृती समारोहात लोक कवी संमेलनाला बसतात, शास्त्रीय मैफलीला शाल पांघरून शेवटपर्यंत थांबतात. भगवानराव लोमट्यांनी ती बैठक घालून दिली आणि ती टिकली. तालुक्यातल्या आपेगावनं शंकरबापू आपेगावकरांसारखा पखवाजिया दिला. कीर्तनाला आजही जागा अपुरी पडते. म्हणजे थंडीच्या रात्री घराबाहेर पडून एका जागी तीन तास बसणारा माणूस या गावात आहे. ‘टीव्हीनं प्रेक्षक खाल्ला, मोबाईलनं उरलासुरला खाल्ला’ हे कारण इथं चालत नाही. मैफलीला येणारा नाटकाला येत नसेल तर मैफल त्याच्या वेळेला, त्याच्या गावात, दरवर्षी ठरलेल्या तारखेला होते आणि नाटक होत नाही, इतकं साधं उत्तर असू शकतं.

नाटकाच्या वाट्याला इथं आलं ते मुख्यतः पथनाट्य. १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘मानवलोक’सारख्या संस्थांचं काम या गावाभोवतीच्या खेड्यांत पसरलेलं. डॉ. द्वारकादास लोहिया आणि शैलाताई लोहिया यांनी बायकांच्या प्रश्नांवर लोकांसमोर बोलायची सवय लावली, तेव्हा गाणं आणि छोटं नाटुकलं ही त्या बोलण्याची हत्यारंच होती. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली निघाल्यावर तर चौकाचौकांत पथनाट्यं झाली. त्यातली काही जीव तोडून केलेली होती. पण सरकारी योजनेच्या पैशावर चालणाऱ्या कलापथकांनी पुढं या प्रकाराला पार सपाट करून टाकलं. दारुडा नवरा, सोसणारी बायको, शेवटी शपथ. प्रेक्षक पहिल्या मिनिटाला ओळखतो की आपल्याला काहीतरी समजावून सांगायला आलेत, आणि मान डोलावत चहाच्या टपरीकडं सरकतो. स्पर्धेचं नाटक परीक्षकाकडं बघतं, हे नाटक अहवालाकडं. फोटो काढला, उपस्थिती लिहिली, झालं.

प्रेक्षकाला बोलावणं म्हणजे काय, हे बघायचं तर लग्नाघरच्या गोंधळाला बसावं. अंगणात पाट मांडतात, त्यावर खण, तांदळाचा चौक, कलश, विड्याची पानं. भोवती ज्वारीची किंवा उसाची ताटं बांधून केलेलं मखर. दिवटी पेटते. संबळ तापवून सुरात आणला जातो, तुणतुणं लागतं. नायकाच्या गळ्यात कवड्यांची माळ. गण झाला की आवाहन. तुळजापूरची, माहूरची, कोल्हापूरची, आमची जोगाई, एकेक ठाणं नाव घेऊन गोंधळाला बोलावलं जातं, आणि त्या ओघात घरधन्याचं कुलदैवत, गावचा मारुती, वेशीवरचा म्हसोबाही सुटत नाही. ज्याचं दैवत घेतलं तो माणूस तेवढ्यापुरता ताठ होऊन बसतो. हे मी अनेकदा पाहिलं आहे. झोपेला आलेला म्हातारा आपल्या गावच्या देवाचं नाव ऐकून डोळे उघडतो आणि मग आख्यान संपेपर्यंत मिटत नाही. आख्यान सगळ्यांना पाठ असलेलं. तरी नायकाला मध्येच अडवणारा, ‘असं कसं होईल?’ म्हणून विचारणारा जोडीदार असतोच. तो आपल्या बाजूचा माणूस. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी हाच गोंधळ मोठ्या रंगमंचांवर नेला आणि तिथंही तो अंगणातल्यासारखाच राहिला. आमच्या नाटकवाल्यांनी गोंधळाकडून संबळ घेतला, दिवटी घेतली. स्पर्धेत लोककलेचा वापर म्हणून त्याला गुणही मिळाले. आवाहन मात्र घेतलं नाही.

सभागृहांबद्दल फार लिहीत नाही. तालुक्याच्या गावांतली सभागृहं बहुधा भाषणासाठी बांधलेली असतात. रंगमंचाला खोली नसते, विंग म्हणजे जिना, आणि रंगपट म्हणून दिलेल्या खोलीत सतरंज्या रचलेल्या. मुंबईच्या व्यावसायिक नाटकाचा दौरा त्यामुळं लातूर, नांदेड करून निघून जातो. स्त्री-पात्रं मिळत नाहीत, हीही जुनीच अडचण. रात्री दहापर्यंतच्या तालमीला मुलीला घरून कोण सोडणार? लेखक मग आधीच एका बाईचं नाटक लिहितो, आणि ती एक बाईही बहुधा आई असते. तालीम दुपारी ठेवली तर पुरुष कामावर. काही संघांनी रविवारच्या सकाळी काढून हा तिढा सोडवला. जमतं, असा त्यांचा अनुभव आहे.

खरा प्रश्न हंगामाचा आहे. आपण ज्याला नाट्यहंगाम म्हणतो तो नोव्हेंबर ते जानेवारी. बीड जिल्ह्यात याच महिन्यांत काय चालतं? दसरा-दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, मुकादमानं दिलेल्या उचलीचा हिशेब पुरा करायला नवरा-बायकोचा एकेक कोयता ट्रॅक्टरवर चढतो, आणि ऊसतोडीसाठी वाड्या-तांडे पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं रिकामे होतात. गावात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरं उरतात. मार्गशीर्षात योगेश्वरीची यात्रा भरते, तिलाही ही माणसं नसतात. जिल्ह्यातल्या लाखो लोकांच्या गैरहजेरीत आम्ही ‘ग्रामीण वास्तवा’वरची नाटकं करतो आणि वर म्हणतो, लोक येत नाहीत.

झाडीपट्टीकडं बघा. गोंदिया-भंडारा-चंद्रपूर-गडचिरोलीची ती रंगभूमी. भात निघाला, हातात पैसा आला, दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट सुरू झाले की तिचा हंगाम, तो होळीपर्यंत. देसाईगंज वडशाच्या मंडळ्या रात्रभराचं नाटक घेऊन गावोगाव जातात, गावची समिती प्रयोग विकत घेते, तिकीट लावते, आणि पाहुण्यांनी घरं भरतात. त्या नाटकांतला भडकपणा, मध्येच घुसवलेली नृत्यं यांवर पुष्कळ टीका करता येईल, मीही करीन. पण याच रंगभूमीवरच्या परशुराम खुण्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीला जे कळलं ते तिथल्या शेतकऱ्याला आधीपासून ठाऊक होतं. नाटकाची तारीख पिकानं ठरवायची असते. सिंधुदुर्गातला दशावतार जत्रांमागून चालतो. तमाशाचे फड तर आमच्याच भागात येतात. पाडव्याच्या आधी नारायणगावला राहुट्या पडतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला जातात, आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रांत तंबू भरतो. कारण तोवर गाळप संपून कारखान्यांचे पट्टे पडलेले असतात आणि कोयता घरी आलेला असतो. ज्याला आम्ही ‘तमाशाचा प्रेक्षक’ म्हणून नाक मुरडतो, तो हाच. त्याला नाटक दाखवलंय कुणी?

तेव्हा या वर्षी स्पर्धेत उतरणाऱ्या संघांकडं एक मागणं आहे. नोव्हेंबरातला प्रयोग करा, गुण मिळवा, पण नेपथ्य मोडून भंगारात घालू नका. पाडवा ते अक्षय्य तृतीया, रात्री नऊनंतर, उघड्यावर, गावात आणि आसपासच्या पाच-सात जत्रांत तेच नाटक पुन्हा लावा. उन्हाळा आहे, परीक्षा आहेत, लग्नसराई आहे, हे आक्षेप ऐकून झाले आहेत. तमाशाला यातलं काही आड येत नाही. उघड्यावर निळा दिवा चालत नाही आणि कोरस तर अजिबात चालत नाही, हा त्यातला फायदाच. संहितेचं काय करायचं ते आपोआप कळेल. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जातात, या प्रश्नावर २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. त्यावर नाटक लिहिणाऱ्याला उसाच्या फडावरच्या बाईसमोर ‘खाडा’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. चुकीचं लिहिलं असेल तर ती तिथंच बोलेल. जांबच्या शेजाऱ्यासारखं.

आणि तिकीट लावा. पन्नास रुपये का असेना, पण लावा. झाडीपट्टीत लागतं, तमाशाच्या तंबूला लागतं; फक्त आमच्या सुसंस्कृत गावांत नाटक फुकट असावं लागतं आणि पहिल्या दोन रांगा ‘सन्मानिका’वाल्यांसाठी दोरी बांधून राखाव्या लागतात. सन्मानिका घेणारे आमदारांचे स्वीय सहायक, संस्थाचालक आणि पत्रकार, मीही त्यात आलो, प्रयोगाला येतातच असं नाही. या वेळी ती दोरी काढा. आम्ही आलोच तर तिकीट काढू, नाहीतर मागं उभं राहून बघू.